शास्त्रज्ञबाईंना परत पाठवलेला लेख

काकूनं कालच्या टपालातलं पाकीट उलटं केलं, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, आणि चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाली, "आलं वाटतं उत्तर."

टेबलाभोवती तोपर्यंत चांगलं जुंपलेलं होतं. मासिक बंद करायचं की चालू ठेवायचं, हे त्या रविवारी दुपारी कायमचं ठरवायचं म्हणून आत्या मुद्दाम सकाळच्या बसनं आली होती. बाबांचं म्हणणं, बंद करा. खाली छापखान्यात औषधांच्या खोक्यांची कामं रांगेत उभी आहेत, आणि दर महिन्याला आठवडाभर मशीन अडवून आपण कोण वाचणार ते विज्ञान छापत बसतो. मोठेकाका संपादक. त्यांना बंद करायचं नव्हतं, पण डोळे थकले होते आणि प्रुफं आता नाकाला लावून वाचावी लागत होती. आत्या नेहमीसारखी मधोमध. ती दातांची डॉक्टर, त्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण बोलत राहायचं, ही तिला सवयच. दोन्ही भावांना तिनं तासभर तसंच बसवून ठेवलं होतं.

"कसलं उत्तर?" दादानं विचारलं. दादा म्हणजे मोठेकाकांचा मुलगा, पदार्थविज्ञानातला डॉक्टर. घरातली विज्ञानाची पदवी ती एवढीच.

"शास्त्रज्ञबाईंचं रे. त्यांचा लेख आपण परत पाठवला होता ना, त्याचं."

खाली मशीन धडधडत होतं. वरच्या मजल्यावर बसलं की त्या धडधडीनं बशीतले चमचे आपोआप किणकिणतात, आणि इतक्या वर्षांत घरात कुणाला ते ऐकूही येत नाही. त्या क्षणी मात्र सगळ्यांना फक्त चमचे ऐकू आले.

दादा उठला. मग बसला. मग परत उठला. त्याच्या तोंडून जे आलं त्याचा सारांश असा, की ज्या बाईंच्या नावाचे पुरस्कार आहेत, ज्यांना भेटायला लोक परिषदेत रांगा लावतात, ज्यांच्या मागे तो स्वतः जेवणाची ताटली हातात धरून तीन हॉलभर फिरला तेव्हा कुठे त्या या फाटक्या मासिकासाठी लेख द्यायला तयार झाल्या, त्यांचा लेख परत? आणि कुणी पाठवला परत?

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या भिंगरीनं इकडं तिकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मी वाटतं."

भिंगरी म्हणजे बाबांची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, बाकी कुठं वापरात नाही. ती खाली कॉम्प्युटरवर खोक्यांची डिझाइनं करते, विज्ञान तिनं शाळेतच सुखानं सोडलं, आणि म्हणूनच ती गेली काही वर्षं अडाणी खुर्चीवर बसते.

ही खुर्ची आजोबांची. मासिक सुरू केलं तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं, की आलेला प्रत्येक लेख घरातल्या सगळ्यात कमी कळणाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. जिथं कळत नाही तिथं त्यानं हात वर करायचा, तिथं समासात फुली. फुल्या झाल्या की लेख परत, शेऱ्यांसकट. आणि लेखकाचं नाव बघून कुणाला उगाच समजू लागू नये म्हणून ते वाचनाआधीच कात्रीनं कापून काढायचं. काकू लग्न होऊन आली ती थेट त्या खुर्चीतच बसली, आणि बसून बसून तिला इतकं विज्ञान कळायला लागलं की शेवटी आजोबांनीच तिला तिथून उठवलं. तेव्हापासून तिच्याकडं कात्री. नावं कापायची, डब्यात ठेवायची, लेख परत जायचा असला तर पाकिटावर पत्ता लिहायचा, आणि कुणाला काही सांगायचं नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," मोठेकाका बायकोकडं बघत म्हणाले.

"पत्ता मीच लिहिला की."

"आणि तू बोलली नाहीस?"

"नियम कुणाचा? माझ्या सासऱ्यांचा. त्यांना जाऊन विचारा."

भिंगरीला हसू यायला लागलं. आता तिचं हसू हा घरातला जुना रोग. शोकसभेत, बँकेत, तिच्या मैत्रिणीच्या लग्नात नवरदेव भाषण करत असताना, जिथं येऊ नये तिथं नेमकं येतं. तिनं ओढणी तोंडात कोंबली. शास्त्रज्ञबाई. ती. तिनं. त्यांना. आणि शेऱ्यांत काय काय लिहिलं होतं ते तिला एकेक करून आठवायला लागलं.

आणि मोठेकाकांनी नेमकं तेच विचारलं. शेरे काय होते?

लेख मिठाबद्दल होता, भिंगरी म्हणाली. म्हणजे मीठदाणीत मीठ का अडतं, आणि ठोकलं की का सुटतं. बाईंचं सगळं आयुष्यच म्हणे त्या दाण्यांवर गेलंय. पहिल्या पानावर तिनं लिहिलं होतं, छान. दुसऱ्यावर, इथं मला जांभई आली. आणि अगदी शेवटी, लेख संपला हे काकूनं सांगितलं म्हणून कळलं.

आत्या चहा पीत होती. तो चहा नाकात गेला. ती खोकत, हसत, टेबलावर हात आपटत राहिली, आणि बाबा तिची पाठ थोपटता थोपटता स्वतःच गदगदायला लागले. दादाला वाटलं हे सगळे आपल्यालाच हसतायत. ते तसं नव्हतं. थोडंसं तसं होतं.

"हसा," तो म्हणाला. "खाली काय छापून ठेवलंय ते आठवा आणि मग हसा."

हसणं थांबलं.

कारण खाली येत्या अंकाचं मुखपृष्ठ छापून तयार होतं, आणि त्यावर आडव्या हातभर अक्षरात शास्त्रज्ञबाईंचं नाव होतं. दादानं शब्द दिला होता, लेख येतोय, येतोय म्हणजे आलाच. मोठेकाकांना वाटलं लेख खुर्चीतून पास होऊन येईल. बाबांना वाटलं लेख मोठेकाकांकडं आहे. शेवटचा अंक असलाच तर जरा दणक्यात जाऊ दे, म्हणून बाबांनी चांगला जाड कागदही काढला होता. सगळे एकमेकांच्या भरवशावर, आणि लेख बिचारा समासात फुल्या घेऊन केव्हाच आपल्या घरी पोचलेला.

मग पाकिटावरून ओढाताण सुरू झाली. दादाचं म्हणणं, पत्र त्याच्याकडं द्या. तो घरी जाऊन शांतपणे वाचेल आणि शांतपणे माफी मागेल. लिहील, की कार्यालयात नवीन मुलगी आहे, तिच्याकडून चुकून परत गेला.

"कोण नवीन मुलगी?" बाबांनी विचारलं.

"असं लिहायचं असतं काका. एक पद्धत असते."

"चुकून म्हणजे काय पण? ती बसली, तिनं ऐकलं, तिला जांभई आली. यात चूक कुठली?"

भिंगरीनं चमकून बघितलं. सकाळपासून मासिकाच्या विरोधात बोलणारा हा माणूस. खुर्ची म्हणजे वेडेपणा, कात्री म्हणजे वेडेपणा, असं तो जेवताना रोज म्हणायचा. आणि आता दादाच्या नाकासमोर बोट नाचवत तो खुर्चीचीच बाजू घेत होता. गंमत अशी की आत्या सकाळपासून मासिकाच्या बाजूला झुकलेली, ती नेमकी आता दुसरीकडं कलंडली. ती म्हणाली, पोरीचा काही दोष नाही, पण एवढ्या मोठ्या बाईंना दुखावून मासिक चालवायचं असेल तर मग नकोच ते. चारचौघांत शोभा होण्यापेक्षा आपणच मानानं बंद करू.

मोठेकाका गप्प. भिंगरीला त्यांचं ते गप्प बसणं सगळ्यात जास्त लागलं. कारण गेल्या महिन्यातच प्रुफं तपासताना त्यांनी तिला सहज विचारलं होतं, तू चालवशील का गं हे? आणि ती हो म्हणाली होती. घाईत, अक्षर जुळवता जुळवता, काही विशेष नसल्यासारखं. त्या हो नंतर तिला धड झोप लागत नव्हती. तिला हे मासिक हवं होतं, इतकं की त्याबद्दल बोलायची भीती वाटायची. दादानं ऐकल्यावर विचारलं होतं की विज्ञानाचं मासिक, आणि संपादकाला विज्ञान येत नाही, लोक काय म्हणतील. तो मानद सल्लागार व्हायला तयार होता. काम करायला तयार नव्हता.

"मला वाटतं," काकू बिस्किटाचा पुडा बंद करत म्हणाली, "आधी उघडून तर बघू."

हे इतकं सरळ होतं की कुणालाच सुचलं नव्हतं. पण उघडायचं कुणी? दादानं हात पुढं केला. बाबांनी त्याच्या आधी पाकीट उचललं. पाकिटावर नाव होतं ‘संपादक मंडळ’. ते मंडळ कोण यावर अजून एक छोटं भांडण झालं, त्यात आत्यानं तिच्या भावांची लहानपणची दोन प्रकरणं काढली, आणि शेवटी मोठेकाका म्हणाले, "घरात आलेला मजकूर आहे. घरच्या पद्धतीनं वाचा."

म्हणजे काकू वाचणार आणि भिंगरी खुर्चीत. ती बसलेली होतीच, तरी उठून परत नीट बसली.

पत्र हातानं लिहिलेलं होतं, निळ्या शाईनं, उभ्या टोकदार अक्षरांत, मधे मधे खाडाखोड. काकूनं सवयीनं कात्री उचलून खालची सही कापली आणि डब्यात टाकली. दादानं डोळे मिटून घेतले. शास्त्रज्ञबाईंच्या हातची सही.

काकूचं वाचन म्हणजे बसच्या वेळापत्रकाची घोषणा. चढ नाही, उतार नाही. आजोबांनीच तसं शिकवलं होतं, वाचणाऱ्यानं रंग भरायचे नाहीत. तर त्या आवाजात खोलीभर हे असं ऐकू यायला लागलं:

"माझा लेख परत मिळाला. माझे लेख परत येण्याची मला सवय नाही असं नाही. सुरुवातीची काही वर्षं ते सगळेच परत यायचे. पुढं माझं नाव झालं आणि ते यायचे थांबले. मी चांगलं लिहायला लागले म्हणून थांबले, असा माझा आजवर समज होता.

"तुमचे शेरे वाचून मी चिडले. माझ्या विद्यार्थ्यांना दाखवले, तेही माझ्या बाजूनं चिडले. एक जण हसला. त्याला मी काम वाढवून दिलं आहे.

"जांभईचा शेरा मला मान्य नाही. त्या परिच्छेदात जांभई येण्यासारखं काहीही नाही. खात्री करावी म्हणून मी तो मोठ्यानं वाचला, तेव्हा मलाही आली. तरी मान्य नाही."

भिंगरीची ओढणी पुन्हा तोंडात. आत्या तिच्याकडं न बघता छताकडं बघत होती, कारण दोघींची नजर भिडली असती तर वाचन तिथंच संपलं असतं.

"आता तिसऱ्या पानाबद्दल," काकू वाचत होती. "तुमचा प्रश्न असा, की मीठदाणीच्या तोंडाशी दाणे एकमेकांना टेकून कमान करतात हे कळलं. पण एका ठोक्यानं कमान मोडते आणि दुसऱ्या वेळी तशाच ठोक्यानं मोडत नाही, असं का? लेखात तिथं नुसतं ‘अर्थातच’ लिहिलंय.

"मी उत्तर लिहायला बसले. पानभर लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. मग लक्षात आलं, मला पुरतं माहीत नाही. मग मी माझे जुने लेख काढून बसले. जिथं जिथं मला नीट माहीत नव्हतं, तिथं तिथं मी ‘अर्थातच’ लिहून पुढं निघून गेले आहे. इतके लेख छापून आले, इतक्या मोठ्या लोकांनी वाचून पसंत केले, आणि एकानंही त्या शब्दावर बोट ठेवलं नाही. ठेवतील कसं? माझ्या नावाखाली तो शब्द आला की त्यांना वाटायचं, आपल्यालाच माहीत नाही, आपण कसं विचारायचं. तुमच्याकडं वाचणारी व्यक्ती कोण आहे मला ठाऊक नाही. तिला लाज वाटत नाही असं दिसतं. लेख छापणाऱ्याकडं ही गोष्ट असावी लागते, आणि ती फार थोड्यांकडं असते."

मोठेकाकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. बाबा भिंगरीकडं असे बघत होते, की जणू ती आत्ताच कुठून तरी गाडीतून उतरलीय. आणि भिंगरीचं हसू गेलं होतं. तिला रडू येतंय की उडी मारावीशी वाटतेय हे तिचं तिलाच समजेना.

"तेव्हा तो लेख मी मागे घेते. कृपया त्याची वाट पाहू नये."

"संपलं," दादा म्हणाला. खाली वाळत पडलेल्या मुखपृष्ठांच्या गठ्ठ्यांकडं त्यानं फरशीतून आरपार बघितल्यासारखं बघितलं.

"नाही संपलं," काकू त्याच सुरात म्हणाली. "उलटं पान आहे."

उलट्या पानावर दोनच ओळी होत्या. "या पत्राचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. छापलंत तरी माझी हरकत नाही. अर्थातच, पत्र म्हणजे काही लेख नव्हे."

आणि मग जो गलका झाला. मोठेकाका उभे राहिले, या वयात, टेबलाचा आधार न घेता. छापायचं, ते म्हणाले, पत्रच छापायचं, पहिल्या पानावर, आणि समोरच्या पानावर पोरीचे शेरे. मुखपृष्ठावर बाईंचं नाव आहेच, ते आता खोटं पडत नाही. बाबा लगेच मनातल्या मनात पानं मोजायला लागले. दादाचा चेहरा असा उजळला की मघाचा दादा तो हाच का असं वाटावं. बाई तर असं आजवर कुठंच बोललेल्या नाहीत, तो म्हणाला, हे पत्र म्हणजे लेखापेक्षा मोठं घबाड आहे, आणि शेवटी आणलं कुणी, मी. ते मात्र त्याला कुणी नाकारलं नाही. आत्यानं टेबलावर थाप मारून जाहीर केलं, "हे पत्र छापत असाल तर माझं मत चालू ठेवायला. आणि चालवायचं या कार्टीनं. काय रे?" तिनं बाबांना विचारलं. बाबा हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत, आणि बाबांच्या बाबतीत ही मोठी मजल होती.

मोठेकाका कौतुकानं भिंगरीकडं वळले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला. आणि तसेच थांबले.

भिंगरीचा हात वर होता.

एकेक करत सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं. गलका विझत विझत गेला आणि परत ते चमचे.

"काय झालं गं?" आत्यानं विचारलं. जरा घाबरूनच.

"मला शेवटचं कळलं नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "पत्र म्हणजे लेख का नव्हे? त्यांनी नुसतं ‘अर्थातच’ म्हटलंय."

दादानं कपाळावर हात मारून घेतला.

पुढची काही मिनिटं सगळे एकाच वेळी तिला समजावत होते. दादा म्हणाला की हा लेख नाहीच, हे पत्र आहे, खुर्चीचा नियम पत्राला लागतच नाही. काकू म्हणाली, छापणार असाल तर लागतो. मोठेकाका काकूला म्हणाले, तू गप्प बस. काकू गप्प बसली, पण पेन्सिल घेऊन तिनं त्या ओळीसमोर शांतपणे एक फुली मारली. बाबांनी व्यवहारी तोडगा काढला, ते एक वाक्य गाळून टाकू, कुणाला कळतंय. आत्या खुर्चीजवळ येऊन वाकली आणि दवाखान्यातल्या त्या मऊ आवाजात, ज्या आवाजानंतर पेशंटला नेहमी दुखतं, म्हणाली, "राणी, हात खाली घे. सगळं तुझ्या मनासारखं झालंय ना आता."

झालं होतं. हेच तर होतं. हात खाली घेतला की मासिक तिचं. अगदी आज, आत्ता, चहा गार व्हायच्या आत. आणि वर ठेवला तर पत्र परत जाणार, अंकाला काही राहणार नाही, आत्याचं मत जाणार, बाबा उद्यापासून खोकी छापणार. तिनं हात थोडा खालीही आणला. कोपर वाकलं. खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला.

पण मग तिला त्या बाई दिसल्या. बाईंचा चेहराही तिला माहीत नव्हता, तरी दिसल्या. रात्रंदिवस कागद फाडत बसलेल्या, जुन्या लेखांच्या ढिगात, आणि त्या एका शब्दावर बोट ठेवणारं कुणीच नाही. आणि हिनं ठेवलं तर कशामुळं ठेवलं? नाव दिसत नव्हतं म्हणून. आता नाव माहीत आहे, तर हात खाली. म्हणजे तीही त्या सगळ्या मोठ्या लोकांसारखीच. फरक इतकाच, की तिला कात्रीचा आधार होता.

हात परत सरळ झाला.

"मला कळलं नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "मासिक मला द्या नाहीतर नका देऊ. पण हे वाक्य असंच छापलं तर मी या खुर्चीत परत बसणार नाही, आणि गाळून छापलं तर अजिबात नाही."

भिंगरीचा दंड दुखायला लागला होता आणि कहर म्हणजे तिला परत हसू येत होतं. एका हातानं ओढणी शोधावी तर ती खुर्चीच्या पायात अडकलेली.

"मग विचार त्यांना," काकू म्हणाली.

"पत्रानं विचारेपर्यंत अंक जाईल," मोठेकाका पुटपुटले.

"फोननं विचारेल. नंबर आहे की." काकूनं दादाकडं बघितलं.

दादानं आधी नंबर नाही म्हणून सांगितलं. मग आहे, पण तो खास आहे म्हणाला. मग म्हणाला, बाई रविवारी फोन घेत नाहीत. आत्यानं त्याच्यापुढं तळहात पसरला आणि नुसती बघत राहिली. पाचेक सेकंदांत त्याच्या कपाळावर घाम आला. पण मोबाइल काढताना तो भिंगरीकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत मघाचा राग कुठं दिसेना. नवलच होतं थोडं, आणि जुनी कसलीतरी भूक. "मी त्यांच्या किती लेखांवर काम केलंय," तो हळू म्हणाला. "तो ‘अर्थातच’ मीसुद्धा वाचलाय गं. कितीदा. मला वाटायचं मलाच येत नाही."

नंबर त्यानं स्वतःच लावला आणि स्पीकर सुरू करून मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला.

घंटी वाजायला लागली. बाबा जिन्यापाशी धावले आणि खाली ओरडले, मशीन बंद करा. मशीन थांबलं. चमचे थांबले. घंटी वाजत होती. भिंगरीला वाटलं, न उचलोत, न उचलोत, आणि त्याच दमात, उचला ना हो बाई.

"हॅलो," एक खरखरीत आवाज आला. "कोण बोलतंय?"

भिंगरीनं तोंड उघडलं आणि तिला कळेना काय सांगायचं. भिंगरी? छापखान्यातली? खुर्चीतली? तिनं सगळ्यांकडं बघितलं. आत्यानं दोन्ही हातांनी काहीतरी खुणा केल्या, त्या दात काढण्याच्या वाटल्या.

"हॅलो? कोण पाहिजे?"

"संपादक म्हण ना," बाबा वैतागून कुजबुजले. त्यांच्या कुजबुजीला मशीनच्या आवाजावरून बोलायची सवय, ती पलीकडं नक्की ऐकू गेली असणार. "संपादक बोलतेय म्हण."

खोलीतल्या सगळ्यांनी बाबांकडं बघितलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं.

"मी संपादक बोलतेय," भिंगरी म्हणाली. "मिठाचा लेख परत पाठवला ती मीच. तुमचं पत्र मिळालं. फार आवडलं. छापायचंय. पण त्यातलं एक वाक्य मला कळलं नाही."

दादानं मोबाइलच्या पडद्यावर फोन चालू आहे का ते वाकून पाहिलं.

"कुठलं?" आवाज आला.

"शेवटचं. पत्र म्हणजे लेख नव्हे. तुम्ही परत ‘अर्थातच’ लिहिलंय."

आता जे झालं ते हसणं होतं की खोकणं, ते घरात आजही ठरलेलं नाही. आत्या म्हणते हसणं. दादा म्हणतो बाई हसत नाहीत. ते बराच वेळ चाललं एवढं खरं, आणि ते चालू असताना भिंगरीच्या आतलं सगळं दाबून ठेवलेलं हसूही सुटलं, तिला आवरेना, ती मोबाइल घट्ट धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली आणि पलीकडून तो खरखरीत आवाजही तसाच येत राहिला.

मग एकदम थांबला.

"अवघड विचारलंस," बाई म्हणाल्या. "थांब. बसू दे मला." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हं. पत्र म्हणजे लेख का नव्हे. मला वाटतं मी भ्याले, म्हणून तसं लिहिलं. पण ते पुरेसं नाही. घे, लिहून घे, आणि कळलं नाही की तिथंच अडव मला."

भिंगरीनं पेनासाठी रिकामा हात पसरला. तिच्यापुढं एकदम चार पेनं आली. दादाचं सगळ्यात आधी.